प्राचार्यांनी लिहिलेलं नाटक

पूर्णा जंक्शनच्या रेल्वे वस्तीत आमचं बालपण आबांच्या गोष्टींवर वाढलं. आबा रेल्वेत खलाशी. त्यांचे थोरले भाऊ, आमचे थोरले आजोबा, छोट्या लायनीच्या गाडीनं परभणी, सेलू, जालना करत औरंगाबादला शिकायला गेले. घरातला कॉलेजात गेलेला पहिला माणूस तो.

त्या जाण्याचं मोल कळायला त्याआधीचा काळ आठवावा लागतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण ५३’ हा सरकारी हुकूम आडवा यायचा, वरचं शिक्षण उर्दूतून. अस्पृश्य ठरवलेल्या आमच्या माणसांना त्यावर गावकुसाच्या आतही बंदी होती. अशा मुलखासाठी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली औरंगाबादेत कॉलेज उघडलं. तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं.

तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं. अस्पृश्यतेचं दुःख युगानुयुगं कसं चालत आलं, हा त्याचा विषय. १९५५ साली विद्यार्थ्यांनी ते खुद्द बाबासाहेबांसमोर केलं. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही त्याचा प्रयोग झाला. त्याआधी आंबेडकरी जलशांनी वस्त्यावस्त्यांत जागृती केलीच होती. पण दलित रंगभूमीचा आरंभ अनेक अभ्यासक या नाटकापासून धरतात.

याच कॉलेजात शिकणाऱ्या थोरल्या आजोबांना नाटकात काम नव्हतं. ते तालमी बघत बसायचे. सुट्टीत पूर्णेला आले की वस्तीतल्या लोकांना प्रवेशामागून प्रवेश सांगायचे. आबा म्हणायचे, “गावात चावडीपुढून जाताना मान खाली घालायची. आन् तितं पोरं भर उजेडात उभी राहून बोलत व्हती. लिहून कुणी दिलं? त्यांच्याच मास्तरानं!” हे सांगताना आबांचा आवाज चढायचा.

आबांच्या या शेवटच्या वाक्यात मला मराठवाड्याच्या महाविद्यालयीन रंगभूमीचं सारं सत्त्व दिसतं. शिक्षकानं विद्यार्थ्याला पाठ करायला त्याचंच जगणं दिलं. ज्याला बोलायची मुभा नव्हती, त्याच्या तोंडी त्याचा स्वतःचा इतिहास आला. पुढं नांदेडच्या प्रा. दत्ता भगतांनी ‘वाटा-पळवाटा’ लिहिलं. त्यात काका, प्राध्यापक सतीश आणि विद्यार्थी अर्जुन अशा तीन पिढ्या एकमेकांना जाब विचारतात. आधी शिक्षकानं विद्यार्थ्यासाठी लिहिलं. इथं विद्यार्थी शिक्षकालाच प्रश्न विचारतो. शिक्षणाची ही खरी फलश्रुती.

आज परभणीची महाविद्यालयं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय घेऊन उतरतात. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची मुलं-मुली त्यात असतात. त्यांच्या हाती पुण्या-मुंबईत गाजलेली संहिता दिली की स्पर्धा जिंकता येत असेल. पण आईबापांची कोपी, दुष्काळातली विहीर, बहिणीचं लवकर उरकलेलं लग्न मंचावर यायचं राहून जातं. गंगाखेड, जिंतूर, पाथरी, पूर्णा इथल्या प्राध्यापकांनी स्वतः लिहावं, विद्यार्थ्यांना लिहितं करावं आणि तालमीत त्यांच्यासोबत उभं राहावं. एका प्राचार्यानं लेखणी उचलली, म्हणून आमच्या वस्तीला आपला इतिहास उजेडात बोलता येतो हे कळलं. तेवढं ऋण फेडायला एक नवं नाटक लिहिणं मुळीच जास्त नाही.