पाणी कुठवर येतं?

मनोरीत ओट्यावर बसून तुम्ही यादी करता आहात. तंबू, पथारी, टॉर्च, सुके बोंबील, बाटली मसाला. डिसेंबरच्या अखेरीस दोन रात्री भंडारदऱ्याला, तळ्याकाठी. रस्ता ठरलाय: सकाळच्या पहिल्या बोटीनं मार्वे, मग मालाड, दादर, कसारा लोकल आणि पुढे जीपनं घोटीवरून शेंडी. जागाही हेरून ठेवली आहे. कुणीतरी मे महिन्यात काढलेला फोटो आहे, त्यात पाण्यालगत छान सपाट पटांगण दिसतं. तुम्ही फोटो मोठा करता, पटांगणावर बोट टेकवता, आणि तिथेच उतरता. साल तेवढं १९०९ आहे.

तळं नाही. पायाखाली भाताची खुंटं आहेत, खळ्यावर मळणी उरकलेली, पेंढ्याचा वास. रतनगडावरून निघालेली प्रवरा एवढ्या वरच्या अंगाला अजून लहानच आहे, गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येतं. उत्तरेला कळसूबाईचा सुळका, १,६४६ मीटर, आजच्याइतकाच उंच. उतारांवर नाचणी-वरईची कापलेली रानं आणि वर हिरड्याची झाडं. मागच्या जन्मीची ओळख असल्यासारखी ही जागा तुम्हाला आवडते. पाठीवरची पिशवी उतरवून तुम्ही तंबूच्या काठ्या जोडायला घेता.

माणसं जमतात, पण लांबच थांबतात. शेवटी एक म्हातारा पुढे येतो, घोंगडी सावरतो आणि विचारतो, "कोन्त्या सायबाचं मानूस तुम्ही? मोजनीला आलाय का?"

मौजेखातर आलोय, असं तुम्ही सांगता. त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही. बरोबरच आहे त्याचं. हिवाळ्यात राहुटी ठोकतो तो दौऱ्यावरचा अंमलदार किंवा मोजणीदार. राहुटी पडली की गावानं गवत, लाकूडफाटा, दूध, कोंबडी पुरवायची. घर असताना उघड्यावर झोपायला कोण शहाणा येईल? तो मोजणीची साखळी शोधत तुमच्या पिशवीकडे बघत राहतो, आणि तुम्ही सांगू शकत नाही की पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, खाली खिंडीत धरणाचं काम सुरू होणार आहे. बांध ८२ मीटर उंचीचा होईल. तुम्ही नकळत मान वर करून डोंगराच्या कुशीत पाणी कुठवर येईल ते मोजता. म्हातारा तुमची नजर बघतो. आता तर त्याची खात्रीच पटते.

तंबू गुंडाळा. १९२६ चा डिसेंबर गाठा, आणि या खेपेला मनोरीहून रीतसर निघा. खाडी होडीनं ओलांडायची, मार्व्याहून बैलगाडीनं मालाड. गाडी कोळशाची, या लाइनवर अजून वीज आलेली नाही. डोळ्यांत कणी जाते. कसाऱ्याला गाडीच्या मागे आणखी इंजिनं लागतात आणि थळ घाटात ती ढकलत वर चढवतात. घोटीला उतरून पुन्हा बैलगाडी, तीसेक किलोमीटर, थंडी अशी की घोंगडीतही दात वाजतात. सामानात पोहे, गूळ, सुकी मासळी, कंदील, पितळी तांब्या. प्लॅस्टिक नावाला नाही, त्यामुळे परतताना कचऱ्याचा प्रश्नच नाही.

आणि मग शेंडीच्या वळणावर पाणी. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते याच महिन्यात दगडी धरणाचं उद्‌घाटन झालंय. धरणाला नाव विल्सन, तळ्याला आर्थर. खळं, खुंटं, नदीतली ती गुडघाभर वाट, सगळं खाली. रतनवाडीचं अमृतेश्वराचं जुनं देऊळ तेवढं तळ्याच्या वरच्या टोकाला काठावर राहिलंय. हे पाणी खोऱ्यासाठी अडवलेलं नाही. ते जाणार खाली, संगमनेर-राहुरीकडच्या दुष्काळी पट्ट्यात, कालव्यांनी, आणि पुढे त्यावर ऊस उभा राहील. वरच्या उतारांवरची वरई पावसाच्याच भरवशावर. सह्याद्रीत आपण ज्याला तळं म्हणून रात्र काढायला जातो ते बहुतेक असं कुणाच्या तरी शेतावर उभं असतं. यादी करताना हे आठवत नाही, म्हणून खोऱ्यातून एक चक्कर मारणं बरं.

मनोरीच्या माणसाला इथे एक गोष्ट चटकन कळायला हवी. तुमच्या खाडीला दिवसातून दोनदा भरती येते, या तळ्याला वर्षातून एकदा. जवळच्या घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे पंधरा ऑगस्टच्या सुमाराला धरण भरतं. साठा जेमतेम अकरा टीएमसी, तो आवर्तनांनी खाली सुटत जातो आणि मे अखेरीस काठ उघडे पडतात. धरणांच्या अशा उघड्या जमिनीवर जागोजाग गाळपेर होते, म्हणजे ओसाड दिसणारं पटांगणही कुणाचं तरी वावर असू शकतं. फोटोतलं तुमचं पटांगण डिसेंबरात पाण्याखाली असणार, हे तुम्ही १९०९ मध्येच डोळ्यांनी मोजून आलात.

आता परत या. काजव्यांसाठी मे-जूनमध्ये जायचा मोह होईल, तो टाळलेला बरा: त्या दिवसांतल्या शनिवारी काजव्यांपेक्षा मोटारींचे दिवेच जास्त चमकतात. डिसेंबरच ठीक. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, तेव्हा वनखात्याची पावती घ्यायची, रानात शेकोटी करायची नाही, स्पीकर घरी ठेवायचा. तंबूही न्यायची गरज नाही. काठच्या वाड्यांमधली मंडळी आता स्वतःच तंबू भाड्यानं देतात आणि चुलीवर जेवण करून वाढतात. त्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाण्याची रेघ माहीत आहे.

यादीतला तंबू खोडून तुम्ही फोन लावता. पहिला प्रश्न तुमचा: डिसेंबरात पाणी कुठवर असतं?

"जांभळीच्या खालपातूर," पलीकडून उत्तर येतं. "तुमचे तंबू वर, आमच्या खळ्यावर लावू. किती मानसं येनार? आन्‌ भाकर नाचनीची चालंल का तांदळाची?"