छावणींतील तालीम : प्रवासांत व्यायामाचा नेम

मराठ्यांच्या व्यायामाचा इतिहास लिहितांना आपली दृष्टि बहुधा इमारतींकडे जाते. पुण्याच्या पेठांतून तालमी उभ्या आहेत. त्यांच्या हौद्यांतील लाल माती डोळ्यांस दिसते. आणि त्यावरून व्यायाम म्हणजे गांवांत स्थिर राहणाऱ्या माणसाचा उद्योग, अशी समजूत होऊन बसते. टाकळीस असतां समर्थ रामदास नित्य नमस्कार घालीत, ही परंपराहि अशीच एका स्थळाशीं बांधलेली आहे. परंतु अठराव्या शतकांतील मराठा शिपाई दसऱ्यास सीमोल्लंघन करून निघाला म्हणजे कित्येक महिने घर पाहत नसे. पुढें शिंद्यांची फौज तर हिंदुस्थानांत बारमाही छावणी करून राहूं लागली. कमावलेलें शरीर दोन महिन्यांच्या खंडानें ढिलें पडतें, हें कोणताहि वस्ताद सांगेल. तेव्हां या लोकांचा नेम वाटेंत कसा टिके, हा प्रश्न किरकोळ म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं.

विचारास सोयीचें माप एका जुन्या ग्रंथांत मिळतें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवें असलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मल्लविनोदाचें प्रकरण आहे. ग्रंथाचा काळ इ. स. ११२९ च्या सुमाराचा असून त्याचा पहिला भाग श्रीगोंदेकर यांनीं संपादून गायकवाड प्राच्यमालेंत १९२५ सालीं बडोद्याहून प्रसिद्ध केला. मल्लांच्या श्रमाचे पांच प्रकार तेथें सांगितले आहेत : भार उचलण्याचा, चालण्याचा, पाण्यांत पोहण्याचा, बाहूंचा आणि स्तंभावरचा. यांपैकीं प्रवासांत कोणते चालूं शकतात, एवढें पाहिलें कीं आपल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मिळतें. चालणें तर वाटच करवून घेते. फौजेचा मुक्काम पाण्याशेजारीं पडावयाचा, म्हणून नदी वा तळें लाभेल तेथें पोहणेंहि साधे. अडचण उरते ती साधनांची व जागेची.

या अडचणीचा परिहार कसा होई, हें एका परक्या साक्षीदारानें लिहून ठेविलें आहे. टॉमस ब्राउटन हा इंग्रज अधिकारी १८०९ सालीं दौलतराव शिंद्यांच्या दरबारच्या रेसिडेंटाबरोबर असलेल्या पलटणीच्या तुकडीचा मुख्य होता. छावणी राजपुतान्यांत फिरत असतां त्यानें लिहिलेलीं पत्रें १८१३ सालीं लंडनांत छापलीं गेलीं. छावणींतील व्यायाम सांगतांना तो दंड, मुद्गल व लेझीम यांचें वर्णन करितो. या तिन्हींत एक साम्य आहे. दंडास हातपाय पसरण्याइतकी जमीन पुरे. मुद्गलांची जोडी जड खरी, पण तंबूच्या मेखांबरोबर बैलावर सहज जाते. लेझीम म्हणजे त्या काळीं मुलांच्या कवाइतींतील खुळखुळणारें साधन नव्हे. दोरीच्या जागीं लोखंडी सांखळी लाविलेलें तें धनुष्यच होय, आणि धनुष्य ओढणाराचे दंड व छाती कमावणें हा त्याचा मूळ हेतु. जें मुळांत शिपायाच्या हत्याराचें प्रतिरूप, तें त्याच्यासंगें प्रवास करील, यांत नवल तें काय !

परंतु साधन बरोबर असलें म्हणजे नेम टिकतोच असें नाहीं. नेमास वेळ व स्थळ ठरलेलें लागतें. या बाबतींत ब्राउटनचें दुसरें एक वर्णन मोलाचें आहे. कूच ठरलें म्हणजे बिनीवाला पुढें जाऊन तळाची जागा निवडी व महाराजांच्या डेऱ्यांच्या ठिकाणीं लहानसें पांढरें निशाण रोवी. बाकीच्या सर्वांचीं ठिकाणें त्यावरून ठरत. बाजारांचीं निशाणें लागत आणि दुकानांच्या ओळी पूर्वीप्रमाणेंच मांडल्या जात. अर्थात् मुलूख बदले, पण गांव बदलत नसे. शेजारी तोच, वाणी तोच, तंबूपुढचें अंगण तेंच. आमच्या मतें नित्यक्रम टिकण्याचें खरें कारण येथें आहे : व्यायाम करणारा रोज नव्या भूमीवर असला तरी आपल्या ठरलेल्या जागींच असे.

राहिला स्तंभश्रम. पुरलेला खांब घेऊन कूच करितां येत नाहीं. म्हणूनच मल्लखांबाच्या प्रसाराचा इतिहास फौजेच्या वाटेनें न जातां वस्तीच्या वाटेनें गेलेला दिसतो. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं या विद्येस नवें रूप दिलें, असें परंपरा सांगते. १८१८ सालीं राज्य गेल्यावर पेशवे ब्रह्मावर्तास स्थायिक झाले, आणि मल्लखांबाची विद्याहि गंगेकांठीं नांदूं लागली. तिला मुक्काम नव्हे, बिऱ्हाड पाहिजे होतें. वेताचा व दोरीचा मल्लखांब प्रचारांत आल्यावर हें बंधन सैल झालें. त्यास खड्डा नको, वर बळकट आधार मिळाला कीं पुरे.

इतक्यावरून निष्कर्ष असा निघतो कीं, मराठ्यांचा व्यायाम दोन प्रकारचा होता : एक जमिनींत रुजलेला व दुसरा खांद्यावरून नेतां येणारा. पहिल्याच्या इमारती राहिल्या, म्हणून त्याचें स्मरण राहिलें. दुसऱ्यानें मागें वीटहि ठेविली नाहीं, आणि ज्या माणसांनीं लढाया मारिल्या त्यांचें शरीर मुख्यतः त्यानेंच राखिलें असलें पाहिजे. त्याचा पुरावा एका परकीयाच्या पत्रांवर सोंपवून स्वस्थ बसणें आपणांस शोभत नाहीं.

यासाठीं संग्राहकांस एक विनंति आहे. रुमाल सोडतांना राजकारणी पत्र तेवढें बाजूस काढून तेल, तूप, दूध व पहिलवानांचा शिधा यांच्या फाटक्या यादी आपण पुन्हां बासनांत कोंबतों. वाळवीचा पहिला घास त्यांचाच होतो. वास्तविक अशा यादीवर तिथि व मुक्काम लिहिलेला असेल, आणि लागोपाठच्या चार मुक्कामांच्या यादी हातीं लागतील, तर कुचाच्या दिवशीं नेम मोडे कीं चाले याचा निकाल त्या चार चिटोऱ्यांनीं लागेल. अशा यादी कोणाच्या संग्रहीं असतील त्यांनीं निदान त्यांची नक्कल करून ठेवावी. अस्सल कागद तितके दिवस तग धरील याची खात्री नाहीं.