क्यूआर कोड कसा स्कॅन करावा : फोनवर आणि संगणकावर

निमंत्रणपत्रिका, वर्गणीचे आवाहन, दिवाळी पहाटेची प्रवेशिका. मंडळाच्या जवळपास प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात हल्ली काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन असतो. तो क्यूआर कोड. तरुण सभासदांना त्याबद्दल सांगण्याची गरज नाही. पण कार्यालयात येणाऱ्या फोनपैकी बरेच याच चौकोनाविषयी असतात. विचारणारे बहुतेक साठीच्या पुढचे असतात. मुले पुण्यात किंवा परदेशात, आणि इथे वडोदऱ्यात घरी दोघेच किंवा एकटेच. दर वेळी नातवाला व्हिडिओ कॉल लावून विचारायला संकोच वाटतो, असे एका काकूंनी सांगितले. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत. हवी तर छापून जवळ ठेवावी.

हा चौकोन म्हणजे काय

क्यूआर ही 'क्विक रिस्पॉन्स' या शब्दांची आद्याक्षरे. जपानमधल्या डेन्सो या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली हा कोड तयार केला. मोटारींच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर तेव्हा उभ्या रेघांचा बारकोड लावत. त्यात फार थोडी अक्षरे मावत, त्यामुळे एकेका खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागत आणि कामगार दिवसभर ते वाचत बसत. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा 'गो' हा खेळ पाहून हारा यांना आडवी-उभी अशी दोन्हीकडून माहिती साठवायची कल्पना सुचली. कंपनीने पेटंट घेतले, पण वापरणाऱ्यांकडून त्याचे पैसे मागितले नाहीत. म्हणून आज सेव-उसळीच्या लारीवरही तो फुकट लागतो.

कोडच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन दिसतात, चौथ्यात नसतो. त्यावरून फोनला वरची बाजू कोणती ते कळते. म्हणजे कागद उलटा धरला तरी चालतो, सरळ करत बसू नये. कोडचा थोडा भाग फाटला किंवा त्यावर हळदीकुंकवाचा डाग पडला तरीही बहुधा तो वाचला जातो, कारण तीच माहिती भरून काढण्याची सोय आत केलेली असते. कोड कसा बनवला आहे त्यानुसार साधारण ७ ते ३० टक्के खराबी चालून जाते.

आत असतो तो बहुतेक वेळा फक्त मजकूर: एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता, फोन नंबर, वायफायचा पासवर्ड किंवा पैसे कोणाला जायचे त्याचा यूपीआय पत्ता. कोड नुसता वाचल्याने काहीही घडत नाही. त्यानंतर आपण काय दाबतो, त्याने घडते. एवढे लक्षात ठेवले की निम्मी भीती जाते.

फोनवर

वेगळे अ‍ॅप घ्यायची गरज बहुतेकांना नाही. प्ले स्टोअरवर 'क्यूआर स्कॅनर' नावाची ढीगभर अ‍ॅप्स आहेत, त्यांतली बरीचशी जाहिरातींनी भरलेली असतात. आमच्या मते ती टाकूच नयेत.

अँड्रॉइड फोनवर नेहमीचा कॅमेरा उघडावा, फोटो काढायचा नाही, कोड चौकटीत येईल असा फोन दोन-तीन सेकंद स्थिर धरावा. पडद्यावर एक पट्टी किंवा पत्ता उमटतो, त्यावर बोट ठेवावे. काही उमटले नाही तर कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये 'स्कॅन क्यूआर कोड' हे बटण बंद आहे का ते पाहावे. तरीही जमले नाही तर गूगलच्या शोधपट्टीत उजवीकडे छोट्या कॅमेऱ्याचे चिन्ह असते, ते म्हणजे गूगल लेन्स. त्यातून कोणताही कोड वाचता येतो. अँड्रॉइड १३ पासून पुढच्या अनेक फोनांत पडदा वरून खाली ओढल्यावर दिसणाऱ्या चौकटींमध्येही स्कॅनर मिळतो.

आयफोनवर २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, साध्या कॅमेऱ्यातच ही सोय आहे. कोड दिसताच पिवळी चौकट आणि पत्ता येतो. तो न आल्यास सेटिंग्जमधील कॅमेरा या भागात जाऊन 'स्कॅन क्यूआर कोड्स' सुरू करावे.

हात थरथरत असेल तर फोन हातात धरून झगडू नये. कागद टेबलावर ठेवावा, दोन्ही कोपरे टेबलावर टेकवावीत आणि फोन वीतभर उंचीवर धरावा. फार जवळ नेल्यास कोड धूसर होतो, ही सगळ्यात नेहमीची चूक.

कोड त्याच फोनवर आला असेल तर

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोडचे चित्र येते, आणि ज्या फोनवर ते आले त्याच फोनने ते कसे वाचायचे? एका सभासदांनी त्यासाठी शेजाऱ्यांचा फोन मागून आणला होता. त्याची गरज नाही.

चित्र आधी गॅलरीत साठवावे किंवा त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. स्क्रीनशॉट कापताना कोडभोवतीची पांढरी किनार कापू नये, ती नसली तर कोड कुठे सुरू होतो हे फोनला कळत नाही. मग अँड्रॉइडवर हे चित्र गूगल फोटोजमध्ये उघडून लेन्सचे चिन्ह दाबावे. नव्या आयफोनवर चित्र उघडून कोडवर बोट थोडा वेळ दाबून धरले की पर्याय दिसतात. पैसे भरायचे असतील तर मात्र हा मार्ग घेऊ नये. नेहमीचे यूपीआय अ‍ॅप उघडावे, त्यातील स्कॅनरवर जावे आणि तिथे गॅलरीचे चिन्ह असते त्यातून चित्र निवडावे.

पैशांचे कोड

इथे थोडे थांबून वाचावे, कारण आपल्याच एका ज्येष्ठ सभासदांच्या बाबतीत हे घडले आहे. त्यांनी घरातले जुने लाकडी कपाट विकण्यासाठी जाहिरात दिली. तासाभरात गिऱ्हाईकाचा फोन आला. घासाघीस न करता किंमत मान्य केली, आणि 'मी तुम्हाला एक कोड पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील' असे सांगितले. काकांनी पिन टाकला. पैसे आले नाहीत, गेले. समोरच्याने 'चुकून झाले, परत पाठवतो' म्हणून दुसरा कोड पाठवला, आणि काकांनी तोही स्कॅन केला. ते सुशिक्षित आहेत, आयुष्यभर हिशेबाचे काम केलेले आहेत. हे सांगायला त्यांनी आम्हाला स्वतःहून परवानगी दिली, त्याबद्दल त्यांचे आभार.

यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, आणि कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन म्हणजे आपल्या खात्यातून पैसे काढायची परवानगी. समोरचा बँकेचा, सैन्यातला, वीज कंपनीचा कोणीही असल्याचे सांगो, 'पैसे मिळवण्यासाठी स्कॅन करा' म्हटले की फोन ठेवून द्यावा. फसवणूक झालीच तर लाज वाटून दोन दिवस गप्प बसू नये. १९३० या राष्ट्रीय सायबर क्रमांकावर लगेच फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. जितक्या लवकर तक्रार होते, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता अधिक.

दुसरा प्रकार दुकानांत होतो. दुकानदाराच्या कोडवर कोणीतरी स्वतःच्या कोडचा कागद चिकटवून जाते. स्कॅन केल्यावर रक्कम टाकण्याआधी पडद्यावर नाव येते, ते मोठ्याने वाचून दुकानदाराला विचारावे. भाजीवालीच्या कोडवर तिच्या मुलाचे नाव असू शकते, म्हणून वेगळे नाव दिसले की लगेच संशय घ्यावा असे नाही, पण विचारायला हरकत कसली? पैसे गेल्यावर दुकानातला छोटा स्पीकर गुजरातीत रक्कम बोलतो, तो ऐकूनच निघावे.

यात आमचीही एक चूक सांगितली पाहिजे. पूर्वी वर्गणीसाठी दिलेला कोड त्या वेळच्या खजिनदारांच्या वैयक्तिक खात्याचा होता. सोयीसाठीच केले होते आणि पै न् पै जमा झाली, पण सभासदांना एका व्यक्तीचे नाव दिसल्यावर त्यांनी विश्वास का ठेवावा? आता कोड मंडळाच्या बँक खात्याचाच आहे. स्कॅन केल्यावर मंडळाचे नाव आले नाही तर पैसे पाठवू नका. जुन्या पत्रकावरचा कोड घरात कुठे राहिला असल्यास तो फाडून टाकावा.

संगणकावर

संगणकाचा प्रश्न दोन बाजूंनी येतो. कोड संगणकाच्या पडद्यावर असेल, तर सरळ फोनचा कॅमेरा त्यावर धरावा. पडद्याचा उजेड वाढवावा, कोड छोटा असल्यास कंट्रोल आणि अधिकचे बटण एकत्र दाबून मोठा करावा. व्हॉट्सअ‍ॅप संगणकावर उघडताना येणारा कोड मात्र कॅमेऱ्याने वाचायचा नसतो. फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' या ठिकाणी जाऊन तिथल्या स्कॅनरने वाचायचा. दुसऱ्याच्या किंवा सायबर कॅफेतल्या संगणकावर असे केले असेल तर काम झाल्यावर त्याच यादीतून तो संगणक काढून टाकावा, नाहीतर आपले संदेश तिथे दिसत राहतात.

फोन जवळ नसेल आणि कोड हातातल्या कागदावर असेल, तर विंडोज ११ मधल्या कॅमेरा अ‍ॅपमध्ये कोड वाचण्याची सोय आहे. कागद लॅपटॉपच्या कॅमेऱ्यापासून वीतभर लांब धरावा. कोडचे चित्र ईमेलने किंवा संकेतस्थळावर आले असेल, तर क्रोममध्ये चित्रावर उजवे बटण दाबून गूगल लेन्सचा पर्याय निवडल्यास आतला पत्ता दिसतो. यूपीआयचे पैसे मात्र अशा रीतीने भरता येत नाहीत, त्याला फोनच लागतो.

दोन्हीकडे एक सवय ठेवावी: पत्ता दिसल्यावर उघडण्याआधी वाचावा. बँकेच्या नावात एखादे अक्षर कमी-जास्त असेल, किंवा उघडल्यावर एखादे अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगत असतील, तर पुढे जाऊ नये. रस्त्यावरच्या खांबावर चिकटवलेले 'बक्षीस मिळवा' छापाचे कोड तर सोडूनच द्यावेत.

वाचला जात नसेल तर

बहुतेक वेळा दोष कोडचा नसतो, कॅमेऱ्याच्या काचेवरच्या बोटांच्या ठशांचा असतो. रुमालाने पुसून पाहावे. लॅमिनेट केलेल्या कागदावर दिव्याचा उजेड चमकत असेल तर थोडा तिरका धरावा. अंधारात बॅटरी लावावी.

कार्यक्रमांच्या पत्रिका छापून घेणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांसाठीही दोन शब्द. कोड पाहण्याचे अंतर जितके, त्याच्या साधारण दहाव्या भागाएवढी त्याची बाजू असावी. मांडवाच्या फ्लेक्सवर पाच फुटांवरून वाचायचा कोड सहा इंचांहून लहान नको. भगव्या पार्श्वभूमीवर सोनेरी कोड दिसायला छान, पण वाचत नाही. गडद कोड आणि फिकी पार्श्वभूमी हवी. आणि छापखान्यात पाठवण्याआधी कागदावर एक प्रत काढून दोन वेगळ्या फोनांनी तपासावी. गेल्या कोजागिरीच्या पत्रिकेवरचा कोड उघडतच नव्हता, हे आम्हाला पत्रिका घरोघरी पोहोचल्यावर कळले.

आणखी कुठे उपयोग होतो

पुण्या-मुंबईत फ्लॅट घेणाऱ्या कुटुंबांनी जाहिरातीतला महारेराचा कोड जरूर वाचावा. ऑगस्ट २०२३ पासून तिथल्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातीत तो सक्तीचा आहे आणि त्यातून प्रकल्पाची नोंदणी व इतर माहिती थेट पाहता येते. ठरावीक ३०० औषधांच्या वेष्टनावरही त्याच महिन्यापासून कोड सक्तीचा झाला. त्यात औषधाचे नाव, बॅच, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख असते. बारीक अक्षर न दिसणाऱ्यांना हे फार सोयीचे, कारण फोनवर तेच मोठ्या अक्षरात वाचता येते.