गुणसूत्रांतील पुनरुक्ती

कांद्याच्या मुळाचे कोवळे टोक रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले असता विभागणाऱ्या पेशींत सोळा जाड, लांब सूत्रे सहज दृष्टीस पडतात. महाविद्यालयीन प्रयोगशाळांतून कांद्याला जो मान मिळाला, तो या सोयीमुळेच. भाताचे मूळ त्याच भिंगाखाली धरावे, तर चोवीस बारीक तुकड्यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. ही सूत्रे म्हणजेच गुणसूत्रे. कांद्याचे एक गुणसूत्र सरासरीने भाताच्या एका गुणसूत्राच्या सुमारे साठपट डी. एन. ए. बाळगते. कांदा भाताहून साठपट गुंतागुंतीचा आहे असे मात्र कोणी म्हणणार नाही. मग हा पसारा कशाचा?

हा प्रश्न नीट मांडता येण्यासाठी १९४८ साल उजाडावे लागले. फ्रान्समधील ब्वाव्हँ आणि व्हांद्रेली दांपत्य यांनी त्या वर्षी दाखविले की, एका जातीच्या शरीरपेशींत डी. एन. ए.चे प्रमाण ठरलेले असते आणि शुक्रपेशीत ते निम्मे भरते. तेव्हा जीव जितका प्रगत तितका त्याचा साठा मोठा, अशी अपेक्षा करणे स्वाभाविकच होते. परंतु १९५१ मध्ये मिर्स्की आणि रिस यांना वामेसारख्या दिसणाऱ्या एका उभयचराच्या पेशीत कोंबडीच्या कितीतरी पट डी. एन. ए. आढळले, आणि ती अपेक्षा ढासळली.

उलगड्याचा पहिला धागा १९६८ साली अमेरिकेत ब्रिटन आणि कोन यांच्या हाती लागला. तापविल्याने डी. एन. ए.चे दोन पदर सुटतात आणि निवल्यावर पुन्हा जुळतात. यात्रेच्या गर्दीत ज्याचा एकच सोबती आहे त्याला तो शोधावयास वेळ लागतो. ज्याचे हजारो आहेत त्याला पावलोपावली भेटतो. पुष्कळसे तुकडे फारच त्वरेने जुळले, याचा अर्थ त्यांच्या हजारो प्रती तेथे होत्या.

या प्रती आल्या कोठून? त्याचे बीज वस्तुतः आधीच एका मक्याच्या शेतात सापडलेले होते. बार्बारा मॅक्लिंटॉक या विदुषींनी १९४० नंतरच्या दशकात कणसांतील ठिपकेदार दाण्यांचा माग काढीत असता ताडले की, गुणसूत्रांतील काही घटक आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात. १९५१ साली त्यांनी हे विद्वत्सभेपुढे मांडले. स्वागत थंड झाले, आणि पुढे या विषयावर नियतकालिकांतून लिहिणे त्यांनी बहुतांशी सोडून दिले. नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले १९८३ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी! पिढीभराचा हा विलंब विद्वानांना भूषणावह खचित नव्हता.

मॅक्लिंटॉक यांचे घटक बहुधा जागा बदलीत. त्यांचे काही दूरचे भाऊबंद मात्र स्वतः जागेवर राहून नकला धाडतात, आणि वनस्पतींतील खरी वाढ यांचीच. २००५ साली भाताचा जनुकसंच सुमारे ३९ कोटी अक्षरांचा ठरला, २००९ साली मक्याचा सुमारे २३० कोटींचा. जनुके दोघांचीही तीस ते चाळीस हजारांच्या घरातली. परंतु मक्याच्या संचाचा जवळजवळ ८५ टक्के भाग या फिरत्या घटकांनी व्यापलेला आहे. ऑस्ट्रेलियातील एका रानभाताची गुणसूत्रे साध्या भाताइतकीच, चोवीस, असूनही त्याचा संच दुपटीहून मोठा आहे. अशा घटकांच्या तीनच कुळांनी तो फुगविला, हे २००६ साली सिद्ध झाले.

१९७२ साली ओनो यांनी असल्या निरुपयोगी भासणाऱ्या डी. एन. ए.ला ‘कचरा’ म्हटले, आणि पुष्कळ अंशी ते खोटेही नाही. मात्र मक्याचा रानटी पूर्वज अनेक फांद्यांचे झुडूप होता. त्याच्या एका जनुकाजवळ असाच एक भटका घटक येऊन बसला आणि त्या जनुकाचे कार्य वाढले, असे २०११ साली आढळून आले. फांद्या आवरल्या गेल्या आणि मेक्सिकोतील प्राचीन शेतकऱ्यांनी तेच रूप निवडले. आज शेतात दिसणारे मक्याचे एकच ताठ खोड हे त्याचे फळ होय.