साल वाचणारी माणसे

फाल्गुन उजाडला की राधानगरी-दाजीपूरच्या रानातील ऐन, नाणा, किंजळ यांची पाने झडून जातात. अशा वेळी वृक्षाची खात्रीची ओळख सांगणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्याची साल. इमारती लाकडाची तोडही परंपरेने याच कोरड्या दिवसांत होत असे. त्यामुळे सालीवरून कठीण लाकडाचे झाड ओळखण्याची विद्या लाकूडतोडे, सुतार आणि गुराखी यांच्याच हाती वाढली.

राज्यकारभारालाही या विद्येची गरज होती, हे आज्ञापत्र वाचताना ध्यानी येते. गगनबावड्याच्या जहागिरीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी ते सिद्ध केले. आरमारासाठी सागासारखी झाडे हुजूरच्या परवानगीने तोडावीत, परंतु आंबा-फणसास हात लावू नये, असे ते बजावतात. कारण रयतेने ती झाडे लेकरांप्रमाणे दीर्घकाळ जतन केलेली असतात. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे. अशी आज्ञा अमलात यायची, तर कोणते झाड कोणते हे अचूक सांगणारी माणसे गावोगावी हवीत.

वनस्पतिशास्त्राने मात्र सालीला बराच काळ उंबऱ्याबाहेर ठेवले. १७५३ साली लिनियसने वनस्पतींची जी मांडणी प्रसिद्ध केली, तिचा आधार होता फुलातील पुंकेसर व स्त्रीकेसर. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७-१९३४) आणि फादर सांतापाव (१९०३-१९७०) यांनी जोपासलेला वनस्पतिसंग्रह आपल्या समाजाला अभिमानास्पद आहे. परंतु अशा कोणत्याही संग्रहात कागदावर चिकटते ती वाळलेली डहाळी. पन्नास हात उंच वृक्षाचे खोड त्यावर मावत नाही. संग्राहकाला सालीचे वर्णन शब्दांतच नोंदवावे लागते.

सालीला ग्रंथात मानाचे स्थान मिळाले ते वनाधिकाऱ्यांमुळे. १८६४ साली वनखात्याची घडी बसवणारे ब्रँडिस, १८८१ साली भारतीय लाकडांवर ग्रंथ लिहिणारे गॅम्बल आणि मुंबई इलाख्याच्या वनवृक्षांचा ग्रंथ १९०९ ते १९११ या काळात देणारे टॅलबट, या सर्वांचे काम उभ्या खोडापाशी चाले. ऐन, किंजळ ही आपली नावेही त्यांच्या ग्रंथांत उतरली. ती नावे सांगणाऱ्या माणसांची नावे मात्र बहुधा उतरली नाहीत.

त्या अनामिकांची दृष्टी किती सूक्ष्म होती, याला ऐन आणि अर्जुन यांचे उदाहरण पुरेसे आहे. शास्त्राच्या दृष्टीने हे दोघे एकाच प्रजातीचे. दोघांच्याही फळांना पाच पंख. साल मात्र अगदी निराळी. ऐनाची काळपट, खोल भेगांनी चौकोनी तुकडे पडलेली, सुसरीच्या पाठीसारखी. अर्जुनाची गुळगुळीत, फिकट, मोठ्या पापुद्र्यांनी सुटणारी. आमच्या पूर्वजांनी ऐनाला सादडा आणि अर्जुनाला अर्जुनसादडा म्हणून हे नातेही नावात गुंफले होते. नाण्याची पांढुरकी साल कागदासारखी सुटते. बिबळ्याच्या सालीवर घाव पडला की रक्तासारखा तांबडा डिंक पाझरतो. अर्थात कोवळ्या झाडाची साल निराळी असते, आणि घाटातील दमट हवेत शेवाळ व दगडफूल तिचा रंग झाकून टाकतात. म्हणून जाणकार एकाच खुणेवर विसंबत नाही. स्पर्श, वास आणि तळाशी पडलेला पाचोळा यांचीही साक्ष काढतो.

दाजीपूरचे रान १९५८ साली अभयारण्य झाले आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात राधानगरीचा समावेश झाला. प्रा. यादव व प्रा. सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्यातील वनस्पतींवरील ग्रंथ शिवाजी विद्यापीठाने २००२ साली प्रसिद्ध केला. रानाला संरक्षण मिळाले, ग्रंथही सिद्ध झाला; परंतु बोटांच्या टोकांत साठलेले ज्ञान वृद्धांबरोबरच निघून चालले आहे. औषधासाठी अर्जुनाची साल खोडाभोवती सर्व बाजूंनी सोलली, तर मुळांकडे जाणारा अन्नरस तुटतो आणि उभे झाड वाळते. साल सोलणारे हात वाढले. साल वाचणारे डोळे कमी झाले.

तेव्हा वाचकहो, या उन्हाळ्यात आपल्या मुलांना आजी-आजोबांसह बांधावर, ओढ्याकाठी पाठवा. त्यांनी झाडाचे नाव विचारावे, ते कशावरून ओळखले हेही विचारावे, आणि सारे वहीत लिहून ठेवावे. सांगणाऱ्याच्या नावासकट.