दोन स्तंभांचें पत्र

बोईसरच्या पश्चिमेस सागरतीरीं उभा असलेला तारापूरचा किल्ला १७३९ च्या जानेवारींत चिमाजी अप्पांच्या सैन्यानें जिंकिला. त्या झुंजींत बाजी भिवराव रेटरेकर धारातीर्थीं पडले. त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई पडली, आणि सुमारें दोन शतकें चाललेला उत्तर कोंकणांतील पोर्तुगीज अंमल संपला.

या राज्यकर्त्यांनीं रयतेच्या भाषेशीं कसा व्यवहार केला, याची साक्ष गोव्यांत मिळते. तेथें १५५६ त छापखाना आला. १६१६ त फादर स्टीफन्स यांचें मराठी क्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापलें गेलें. परंतु १६८४ त लोकांनीं तीन वर्षांच्या आंत स्वभाषा टाकून पोर्तुगीज बोलावें, असें फर्मान व्हाइसरॉयनें काढिलें! जेथें मायबोली सोडण्याची सक्ति, तेथें विद्येची देवघेव ती कोणती?

वसई पडल्यावर ९३ वर्षांनीं मुंबईंत निराळा प्रयोग झाला. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं ‘दर्पण’ काढिलें. पानाच्या एका स्तंभांत इंग्रजी व शेजारीं मराठी, अशी त्याची रचना होती. प्रथम तें पाक्षिक होतें. त्याच वर्षीं मे महिन्यापासून साप्ताहिक झालें. पाश्चात्य विद्या स्वदेशीयांस कळाव्या, आणि येथील लोकांचे विचार साहेबांच्याहि कानीं जावे, हा दुहेरी हेतु त्यांत होता. इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास तेंच पत्र पाठ्यपुस्तकासारखें उपयोगीं पडावें, अशी त्याची मांडणी होती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आदल्याच वर्षीं निघाला होता. हा योगहि लक्षांत घेण्यासारखा आहे.

परकी विद्या आणितांना बाळशास्त्र्यांनीं स्वकीय विद्येकडे पाठ फिरविली नाहीं. १८४५ त त्यांनींच ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापविली. ‘दर्पण’ १८४० त बंद पडलें. पण त्याची वाट मोडली नाहीं. १८६२ त निघालेलें ‘इंदुप्रकाश’ याच दोन भाषांत चाललें, आणि त्याच्या इंग्रजी भागास न्यायमूर्ति रानड्यांची लेखणी लाभली.

दोन स्तंभ शेजारीं छापले म्हणजे दोन समाज एक होतात असें नाहीं. राज्य परक्यांचेंच राहिलें. तथापि दुसऱ्याची भाषा शिकण्यासाठीं आपली टाकावी लागत नाहीं, एवढें त्या पानानें सिद्ध केलें. आज बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत नाना प्रांतांचीं माणसें राबतात. त्यांच्या मुलांस मराठी शिकवितांना त्यांच्या घरच्या भाषेचा स्तंभ पुसला जाऊं नये, हाच ‘दर्पणा’चा बोध होय.