शिखरिणीची शिकरण कशी झाली?

१/ शिखरिणी म्हटले की मराठी वाचकाला सतरा अक्षरांचे वृत्त आठवते. याच नावाचे एक थंडगार, सुगंधी पक्वान्नही होते. राजाच्या पंगतीत मानाने वाढल्या जाणाऱ्या त्या पक्वान्नाचे नाव आज आपल्या घरातील केळ्याच्या शिकरणीकडे आले आहे. दह्याच्या पदार्थाचे नाव दूध-फळांना कसे मिळाले, हे या धाग्यात पाहू.

२/ या पदार्थाचे दुसरे नाव ‘रसाला’. अमरकोशात रसालेला ‘मार्जिता’ असा पर्याय दिला आहे. मार्जिता म्हणजे घासून स्वच्छ केलेली. दही वस्त्रावर घासून गाळण्याची क्रिया या नावातच नोंदली गेली आहे.

३/ कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. राजाच्या उपभोगांची चर्चा करताना त्यात ‘अन्नभोग’ हे प्रकरण येते. तेथे शिखरिणीला स्थान आहे. हे कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण.

४/ सविस्तर कृती भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या सोळाव्या शतकातील वैद्यकग्रंथात मिळते. म्हशीचे आंबट, पाणी निथळलेले दही एक आढक. पांढरी साखर दोन प्रस्थ. दूध अर्धा घट. स्वच्छ वस्त्रातून हे सारे नव्या मातीच्या भांड्यात गाळावे. मग वेलदोडा, लवंग, कापूर आणि मिरे घालावेत.

५/ आता मापे पाहा. वैद्यकीय परिमाणांत चार प्रस्थांचा एक आढक आणि चार आढकांचा एक घट. म्हणजे दही ४ भाग, साखर २ भाग आणि दूध ८ भाग! दह्याच्या दुप्पट दूध असलेला हा पदार्थ चमच्यावर उभा राहणारा नव्हे, ओघळणारा आहे. ‘आजचे श्रीखंड जसेच्या तसे प्राचीन काळापासून चालत आले’ हे विधान येथे अडखळते.

६/ ही रसाला भीमाने रचली आणि श्रीकृष्णाने पुन्हा पुन्हा चाखली, असे तोच ग्रंथ सांगतो. हा महाभारतकाळाचा पुरावा मानू नये. सोळाव्या शतकात या पदार्थाला केवढी प्रतिष्ठा होती, याचा मात्र तो उत्तम पुरावा आहे.

७/ मग बर्फाविना गारवा कसा येई? उत्तर ‘नव्या’ भांड्यात असावे. कोऱ्या मातीची छिद्रे मोकळी असतात. त्यांतून पाणी पाझरते, बाष्प होते आणि आतला पदार्थ निवतो. वापरून तेलकट झालेल्या भांड्यात हे साधत नाही. जिभेवरचा उरलेला गारवा कापूर आणि वेलदोडा देत.

८/ पुढे या कुळाच्या शाखा झाल्या. श्रीखंडाने दही, वस्त्र आणि घासण्याची क्रिया राखली. शिकरणीने नाव, दूध आणि पातळपणा राखला, तर दह्याची जागा फळाने घेतली. कर्नाटकात आंब्याची किंवा केळ्याची ‘सीकरणे’ होते. नेपाळमध्ये ‘सिकर्नी’ आजही दह्याचीच असते. वेलदोडा, दालचिनी आणि सुकामेवा घालून ती थंड वाढतात.

९/ अक्षय्य तृतीयेला आंब्याची शिकरण करून पाहा. पिकलेल्या हापूसचा गर, निवलेले दूध, बेताची साखर, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मिरपूड. धुऊन, पाण्यात भिजवून घेतलेल्या कोऱ्या मडक्यात तासभर सावलीत ठेवा. मडके बाहेरून ओलसर झाले की गारवा आत उतरू लागला, असे समजावे.

१०/ सणाच्या पानात श्रीखंडाला मान मिळतो, शिकरण मात्र रोजच्या पोळीबरोबर घाईत संपते. पण राजाच्या ताटातले नाव टिकवले ते या साध्या शिकरणीने. खाद्येतिहास वाचताना म्हणूनच ग्रंथांइतकेच लक्ष स्वयंपाकघरातील शब्दांकडे असावे. तुमच्या घरी शिकरण कोणत्या फळाची होते आणि तिला काय म्हणतात, ते खाली अवश्य नोंदवा.